ताई, खरी कशावरून?

वाचकांची पत्रं, ऑगस्ट २०२४

या महिन्याच्या पत्रांतली चार इथे घेतली आहेत. नावं आणि गल्ल्या गाळल्या आहेत. उत्तरं देणारी मीही पारलिंगी, म्हणजे जन्मावेळी मुलगा ठरवलेली बाई.

पत्र पहिलं: पूर्व भाग, सोलापूर

नमस्कार ताई. हे पत्र धाकट्या मुलीकडून लिहून घेतेय. मी बिड्या वळते, आमचे मालक टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत. थोरला एकोणीस वर्षांचा, बारावी पास. लहानपणापासून त्याचं चालणं-बोलणं निराळं. दोन महिन्यांपूर्वी मालकांनी त्याला बहिणीच्या ड्रेसमध्ये बघितलं आणि पट्ट्यानं मारलं. तो घर सोडून गेला. आता रेल्वे लाईनच्या पलीकडे किन्नरांच्या एका गुरूकडे राहतो. फोन केला की म्हणतो, ‘अम्मा, मी तुझी मुलगी आहे.’ शेजारणी म्हणतात, त्याला पळवून नेलंय, कापून टाकतील. डॉक्टरला दाखवलं तर कळेल का, हे खरं आहे की संगतीनं झालंय? पोलिसांत जाऊ का? आणि तो आला तर मालकांना काय सांगू?

उत्तर

अक्का, पोर फोन उचलतंय ना? मग धागा तुटलेला नाही. आज संध्याकाळी बिड्यांचं सूप बाजूला ठेवा, फोन लावा आणि एवढंच विचारा, ‘जेवलीस का?’ तुमच्या घरात तेलुगू असेल, तर ‘तिन्नावा?’ मुलालाही तेच आणि मुलीलाही तेच. म्हणून म्हणते, एकदा मुद्दाम मराठीत विचारा. ‘जेवलास’ नको, ‘जेवलीस’. माझी आई जाईपर्यंत मला एकदाच ‘आलीस?’ म्हणाली. मी तुळजापूरच्या एसटीतून उतरून घरी आले होते, हातात पिशवी होती, ती चुलीपुढे पाठमोरी बसली होती. तिला सोळा वर्षं झाली जाऊन, तो शब्द अजून कानात आहे.

आता डॉक्टरचं. रक्त तपासून किंवा फोटो काढून हे कळत नाही, आणि हा आजार नाही, त्यामुळे औषधही नाही. पोरीच्या मनावर मारहाणीचा ताण असेल, झोप लागत नसेल, तर त्यासाठी जरूर मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे न्या. पण ‘खरं की खोटं’ हे ठरवून घ्यायला नेऊ नका.

हे इतक्या ठामपणे का सांगते, ते ऐका. मी अक्कलकोट तालुक्यातली. घरात निम्मं कन्नड, निम्मं मराठी. बहिणीची ओढणी डोक्यावर घेतली म्हणून वडील मला गोठ्यात नेऊन मारायचे. तेराव्या वर्षी माझ्या केसांत जट झाली. आजी म्हणाली, यल्लम्मानं बोलावलंय. त्याच वडिलांनी उधारीवर हिरवी साडी आणली, कपाळाला भंडारा लावला आणि सौंदत्तीला नेऊन माझ्या गळ्यात मुत्तू, म्हणजे देवीला वाहिल्याची मणिमाळ, बांधून आणलं. साडी देवीच्या नावानं चालली, माझ्या नावानं चालत नव्हती. जट म्हणजे न विंचरलेले, घामानं-धुळीनं चिकटलेले केस, हे मला फार उशिरा कळलं. घराला पुरावा हवा होता, तो त्या गुंत्यानं दिला. बाविसाव्या वर्षी गुरूच्या घरी गेले, तिथे पुन्हा पुरावा मागितला, या वेळी शरीराचा. आणि त्रेचाळिसाव्या वर्षी पारलिंगी असल्याच्या प्रमाणपत्राचा अर्ज भरायला गेले, तर तिथला मुलगा मान वर न करता म्हणाला, ‘ऑपरेशनचा कागद?’ त्यामुळे तुमचा प्रश्न मला नवा नाही, अक्का. पण तुम्ही आई आहात. तुम्ही तरी तो विचारू नका.

त्या मुलाला मी सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात म्हटलंय, की आपण कोण हे ज्याचं त्यानं सांगायचं, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणं अनैतिक आणि बेकायदा आहे. पुढे २०१९ चा पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आला, २०२० मध्ये त्याचे नियम आले. नियमानुसार राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज करायचा, सोबत स्वतःचं शपथपत्र जोडायचं. त्या नियमांत लिहिलं होतं, की जिल्हाधिकाऱ्यांनी कोणतीही वैद्यकीय तपासणी न करता तीस दिवसांत प्रमाणपत्र आणि ओळखपत्र द्यायचं. तुमची मुलगी अठरा पूर्ण आहे, तिला तुमच्या सहीचीही गरज नाही. पण अर्ज भरताना तुम्ही शेजारी बसलात, तर तिला काय वाटेल ते मी लिहून सांगू शकत नाही.

पळवून नेलंय का? एकोणीस वर्षांची सज्ञान व्यक्ती पट्ट्याचा मार खाऊन घरातून निघते आणि आईचा फोन उचलते, याला पळवणं म्हणत नाहीत. तिला डांबून ठेवलंय किंवा तिच्यावर कसली सक्ती होतेय असं तिच्या तोंडून कळलं, तर मात्र एक तासही थांबू नका, पोलिसांत जा. तोवर आधी स्वतः जाऊन या. शेंगापोळी करून न्या. गुरूच्या दारात उभं राहायला संकोच वाटेल, वाटू द्या, पण जा.

गुरूच्या घराबद्दल मी गोड किंवा कडू काहीतरी एकच सांगितलं, तर ते खोटं होईल. मला कावीळ झाली तेव्हा गुरूनं एकवीस दिवस स्वतःच्या हातानं मला ताक-भात भरवला. सख्खे भाऊ तेव्हा फिरकले नाहीत. त्याच गुरूनं, मी शिलाई शिकायला आणि बचत गटाच्या बैठकांना जायला लागले, तेव्हा मंगतीचा, म्हणजे मागून आणलेल्या पैशांचा, हिस्सा बुडतो म्हणून जमात (आमची पंचायत) बसवली आणि मला अकरा हजार दंड लावला. तो मी दीड वर्षं फेडला. चळवळीतल्या काही जणी म्हणतात, गुरूंची घराणी म्हणजे वेठबिगारी, मोडून टाका. गुरू म्हणतात, या कागदावरच्या पोरी, यांना आमच्या हालांचं काय माहीत. मी दोन्ही घरचं जेवले आहे. जिला आई-बापांनी बाहेर काढलं, तिला त्या रात्री दार उघडणारं दुसरं घर जोवर नाही, तोवर मी घराणं मोडा म्हणणार नाही. आणि दंडाच्या भीतीनं कुणी शिक्षण सोडलं, तर तिथेही गप्प बसणार नाही.

ऑपरेशनची भीती बोलूनच घालवा. ते करायलाच हवं असं कुठलाही कायदा सांगत नाही. करायचं झालं तर मोठ्या रुग्णालयात, समुपदेशनानंतर, तज्ज्ञ डॉक्टरांकडून. घरगुती ‘निर्वाणा’त, म्हणजे घरीच लिंग कापायच्या विधीत, मी मरता मरता वाचलेल्या बघितल्यात. हे पोरीला स्पष्ट शब्दांत सांगा, पण ‘तू आमची’ हे सांगून झाल्यावर.

आणि मालक. २०१९ च्या कायद्याच्या कलम १८ नुसार पारलिंगी व्यक्तीला घर सोडायला भाग पाडणं, मारहाण करणं हा गुन्हा आहे, सहा महिने ते दोन वर्षं कैद. (मला हे कलम अपुरं वाटतं. आमच्यावर लैंगिक अत्याचार झाला तरी कमाल दोनच वर्षं. बाईवर बलात्कार झाला तर किमान दहा. आमचं शरीर इतकं स्वस्त कुणी ठरवलं, हे आम्ही विचारत राहणार.) पण तुम्ही मालकांना कलम सांगून सुरुवात करू नका. माग चालवणारा माणूस आहे, त्यांना कामाचं विचारा: पोरीला मागावर घेतील का, की ती पुढे शिकेल? लाज गल्लीत असते, अक्का, पोटाची गोष्ट घरात होते. आणि पट्टा मात्र त्या खुंटीवरून काढून टाका. तिला तो दारातून दिसतो.

पत्र दुसरं: नवी पेठ, सोलापूर

माझ्या कापडाच्या दुकानाच्या उद्घाटनाला पाच जणी आल्या. अकरा हजार मागितले, गिऱ्हाइकांसमोर टाळ्या वाजवल्या, साडी वर करायची धमकी दिली. अडीच हजारांवर मिटलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या आल्या, म्हणाल्या कालच्या नकली, आम्ही असली. असली-नकली कसं ओळखायचं? कार्ड मागायचं का? तुम्ही हक्कांबद्दल लिहिता, या दादागिरीबद्दल का नाही?

उत्तर

भाऊ, लिहिते. धमकी देऊन पैसे काढणं चूक आहे आणि गुन्हाही आहे. बधाई, म्हणजे शुभकार्याला आशीर्वाद देऊन मागितलेले पैसे, ही खुशीची. तुमची खुशी नसेल तर हात जोडून ‘जमणार नाही’ म्हणा, तरी ऐकलं नाही तर पोलिसांना फोन करा. त्यासाठी समोरचं माणूस कोण आहे हे ठरवायची गरजच नाही. धमकी पुरुषानं दिली, बाईनं दिली किंवा आमच्यातल्या कुणी दिली, तक्रार तीच.

पण असली-नकली तपासायच्या भानगडीत पडू नका, ही विनंती. दुसऱ्या दिवशी आलेल्यांचं भांडण इलाक्याचं असतं. कुठल्या गुरूच्या चेल्यांनी कुठल्या पेठेत मागायचं, याच्या हद्दी ठरलेल्या असतात, आणि हद्द मोडणारीला ‘नकली’ म्हणायची पद्धत आहे. त्या भांडणात तुम्हाला पंच करतात. आणि हा शब्द एकदा गर्दीच्या तोंडी गेला की काय होतं ते मी पाहिलंय. तीन वर्षांपूर्वी एका आठवडी बाजारात लोकांनी माझ्या ओळखीच्या एकीला घेरलं. कुणीतरी म्हणालं नकली आहे, कुणी म्हणालं पोरं पळवायला आलीय. भर दुपारी तिची साडी फेडली. मी पोचले तेव्हा ती भाजीच्या क्रेटमागे बसली होती, पदराच्या पिना मातीत पडल्या होत्या. त्या मी एकेक वेचल्या. सात होत्या. ‘बघू तरी खरं काय आहे’ म्हणत मोबाईल वर धरलेली माणसं तुमच्या-माझ्यासारखीच होती, कामाधंद्याची, घरी लेकी असलेली.

‘पोरं पळवतात’ हे कुठून आलं, तेही सांगते. वरच्या पत्रातल्या शेजारणींनीही हे ऐकावं. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सोलापूरकराला तो वेगळा सांगायला नको, आपल्याकडचं सेटलमेंट (या जमातींना कोंडून ठेवायची वस्ती) हे नाव त्याच कायद्याच्या पुढच्या अवतारातून आलं, तारेच्या कुंपणासकट. त्या १८७१ च्या कायद्याचं दुसरं प्रकरण हिजड्यांवर होतं. उत्तरेकडच्या प्रांतांत पोलिसांनी त्यांच्या याद्या करायच्या, बाईच्या वेषात रस्त्यावर दिसलं, नाचलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद, आणि घरात सोळा वर्षांखालचा मुलगा ठेवला तरीही शिक्षा. मुलं पळवून नेतात, हा संशय सरकारी कागदावर असा चढला. कायदा गेला, संशय राहिला. पारध्याच्या पोराला चोर म्हणणारी जीभ आणि आम्हाला पोरंचोर म्हणणारी जीभ एकच आहे.

आता माझा एक प्रश्न तुम्हाला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ‘इतर’ या रकान्यात ४०,८९१ माणसं नोंदली गेली. यांतल्या किती जणींना तुम्ही दुकानात काउंटरवर बघितलंय? पिंपरी-चिंचवड महापालिकेनं २०२२ मध्ये आमच्यातल्या लोकांना सुरक्षारक्षक म्हणून कामावर घेतलं, गणवेश दिला, पगार दिला. तुमचं दुकान मोठं आहे. साड्यांची घडी घालायला, गिऱ्हाइकाला रंग दाखवायला आमच्या पोरींइतकी नजर क्वचित कुणाला असते. माझ्याकडे दोघी आहेत, दहावी पास, हिशेबाला पक्क्या. संपादकांकडून माझा नंबर घ्या. मी हे मनापासून लिहितेय.

पत्र तिसरं: माढा तालुका

मी दहा वर्षं ग्रामपंचायत सदस्य होते. महिलांच्या जागा आम्हाला भांडून मिळाल्यात. त्यावर आता तुमचे लोक उभे राहू लागले तर आम्ही कुठे जायचं? आणि तुमच्या पुढाऱ्यांचं आपसात पटत नाही. कुणी आखाड्यात, कुणी पक्षात, कुणी संस्थेत. तुमच्या वतीनं खरं कोण बोलतं?

उत्तर

बाई, तुमची काळजी मला खोटी वाटत नाही. नवऱ्याच्या सहीवर चालणाऱ्या सदस्यांच्या काळात तुम्ही स्वतः बैठकीला बसलात, हे सोपं नव्हतं.

जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकचं सांगते. अंजली पाटील यांनी महिलांच्या जागेवर अर्ज भरला, छाननीत तो फेटाळला. २ जानेवारी २०२१ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात न्या. रवींद्र घुगे यांनी तो ग्राह्य धरायला लावला, आणि अटही घातली: स्त्री म्हणून उभी राहतेयस, तर पुढे सोयीनं पुरुष होता येणार नाही. त्या निवडून आल्या. आयुष्यभर बाई म्हणून अपमान सोसलेल्या माणसानं एक जागा मागितली, तर ती तुमच्या ताटातली ओढली असं मला वाटत नाही. तुमच्या जागा कमी कोण करतं, हे तुम्ही दहा वर्षं बैठकीत बसून माझ्यापेक्षा चांगलं पाहिलंय. आणि आपल्याच जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळनं २०१७ मध्ये माऊली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ज्ञानेश्वर कांबळे यांना थेट सरपंच केलं, गावानं मतं देऊन. तिथे कुणी पुरावा मागितला नाही.

तरीही तुमच्या मुद्द्याचं नेमकं उत्तर समांतर आरक्षण हे आहे. २०१४ च्या निकालानं आम्हाला सामाजिक-शैक्षणिक मागास धरायला सांगितलं. पण मग दलित घरातल्या पारलिंगी मुलीनं जात निवडायची की लिंग? म्हणून तमिळनाडूच्या ग्रेस बानू यांच्यासारख्या कार्यकर्त्या प्रत्येक प्रवर्गाच्या आत वेगळा वाटा मागतात. कर्नाटकानं २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत असा एक टक्का दिला. विजयपूर इथून शंभर किलोमीटर. तिथल्या पोरीला आहे ते आमच्या पोरीला नाही. तुम्ही महिला सदस्यांनी ही मागणी आमच्याबरोबर केलीत तर दोघींचं काम होईल.

पुढाऱ्यांचं म्हणाल तर होय, भांडणं आहेत. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनी २०१५ मध्ये साधूंच्या आखाड्यांसारखा किन्नर आखाडा उभा केला. २०१८ मध्ये त्यांनी अयोध्येतल्या मंदिराला पाठिंबा दिला, तेव्हा देशभरातल्या अनेक पारलिंगी गटांनी जाहीर निषेध केला. दिशा पिंकी शेख कविता लिहितात, फुले-आंबेडकरांचं नाव घेऊन राजकारणात उतरल्या. गौरी सावंत संस्था चालवतात, मतदार जागृतीसाठी निवडणूक आयोगाच्या दूत झाल्या. मला आखाड्याचा रस्ता पटत नाही. मुत्तू गळ्यात घालून मी देवाच्या नावानं मिळालेला मान पाहिलाय, त्याला लागून बेडी येते. पण नालसाच्या खटल्यात त्रिपाठी न्यायालयात उभ्या राहिल्या, हे मी विसरत नाही. गावात मराठ्यांचे, धनगरांचे, बायकांचे किती पुढारी असतात? त्यांच्यात खरा कोण, असं कुणी विचारत नाही. आम्हालाही चार तोंडांनी बोलू द्या.

पत्र चौथं: बार्शी

माझा जन्म मुलगी म्हणून झाला. मी मुलगा आहे. वय वीस. पोलिस भरतीची तयारी करतोय. मैदानावर मुलींना ८०० मीटर, मुलांना १६०० मीटर. मी कुठलं पळू? घरी स्थळं बघायला सुरुवात झालीय. किन्नर म्हटलं की लोकांना साडीतलेच दिसतात, माझ्यासारखा असतो हेच कुणाला माहीत नाही. सगळे म्हणतात, टॉमबॉय आहेस, लग्न झालं की जाईल.

उत्तर

बाळा, तुझ्यासारखे आहेत. या सदराला आलेलं तुझ्यासारख्याचं हे सातवं पत्र, त्यातली दोन पंढरपूरची. आमच्यासारख्यांना मागायला रस्ता तरी आहे, गुरूचं घर तरी आहे. मुलगी म्हणून वाढलेल्याला घराबाहेर पडायलाच मिळत नाही, म्हणून तुम्ही दिसत नाही. आमच्या चळवळीनंही तुमच्याकडे पुरेसं पाहिलं नाही, हे मी कबूल करते.

भरतीचं: आर्या पुजारी आणि निकिता मुख्यदल मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) गेल्या, त्यातून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात पोचलं. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारनं अर्जात तिसरा पर्याय द्यायचं आणि मैदानी चाचणीचे नियम करायचं न्यायालयात मान्य केलं. जाहिरात आली की त्यातल्या अटी शब्द न् शब्द वाच, आणि त्याआधी ओळखपत्र काढून ठेव. एक अडचण आधीच सांगते. २०१४ चा निकाल तुला स्वतःला पुरुष म्हणवून घ्यायचा हक्क देतो. २०१९ चा कायदा मात्र पहिल्या कागदावर फक्त ‘पारलिंगी’ लिहितो, ‘पुरुष’ लिहून घ्यायला शस्त्रक्रियेचा दाखला मागतो. यावर आमचे वकील भांडतायत. तू त्यासाठी अभ्यास थांबवू नकोस.

स्थळांबद्दल: तू वीस वर्षांचा आहेस, सज्ञान. तुझ्या संमतीशिवाय लग्न लावता येत नाही. घरी सगळं एका दिवसात सांगू नकोस. आधी ‘भरती होईपर्यंत नाही’ एवढंच सांग. एक माणूस शोध, आत्या, मामी, शाळेतल्या बाई, जिला तू खरं सांगू शकतोस. दार लावून घेतलं, हात उगारला, तर संपादकांकडचा माझा नंबर रात्री दोनलाही लाव.

पत्राच्या शेवटी तू एक नाव लिहून इतकं खोडलंयस की कागद फाटलाय. खाली दुसरं नाव आहे, बारीक अक्षरात. मी त्याच नावानं तुला हाक मारतेय, इथे छापत नाही एवढंच. पळायचं तर १६०० पळ. पावसाची उघडीप बघून पहाटे, बूट चांगले घाल. पुढच्या पत्रात वेळ कळव.